समुद्राकडून आधी जुहू येतं

आमच्या पार्ल्यातल्या सोसायटीच्या मीटिंगा गच्चीवर होतात. ऑफिस म्हणून जी खोली आहे ती जिन्याखाली आहे आणि तिथे सेक्रेटरी, खजिनदार आणि कपाट एवढेच मावतात. तर मागच्या वेळी रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती, आर्किटेक्ट आला होता, लॅपटॉप पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ठेवून सगळ्यांना, जुहूचं विमानतळ जवळ म्हणून इमारत किती उंच नेता येईल तो आकडा सांगत होता आणि लोकांची तोंडं उतरत चालली होती. कारण तो आकडा जमिनीपासून मोजायचा नसतो, समुद्रसपाटीपासून मोजायचा असतो. आणि मोजायचा तोही शेवटच्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत नाही, तर इमारतीवरच्या सगळ्यात उंच टोकापर्यंत, म्हणजे लिफ्टची मशीन रूम, पाण्याची टाकी, वर उद्या कोणी अँटेना लावली तर ती अँटेना, सगळं त्यातच. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, म्हणजे टाकीसाठी एक मजला गेला म्हणायचा की. आर्किटेक्ट काही बोलला नाही, नुसता हसला.

मग अपेक्षेप्रमाणे विषय तिथेच गेला. "ते एरोड्रोम आता हवंय कशाला? दिवसाला चार हेलिकॉप्टरं उडतात आणि त्यासाठी अख्खं पार्लं बुटकं ठेवायचं?" खरं सांगते, माझंही मत बरीच वर्षं असंच होतं. गच्चीवरून बघितलं की पश्चिमेला एवढी मोठी सपाट हिरवी जागा दिसते, मधे काळी पट्टी, एका बाजूला हँगर आणि चारी बाजूंनी इमारतींची भिंत. मुंबईत इतकी जागा रिकामी दिसली की कुणाच्याही डोक्यात पहिला विचार एफएसआयचाच, म्हणजे इथे किती बांधता येईल याचाच येणार, त्यात बिल्डरला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण मागच्या ओळीत माझी मामी बसली होती, प्लास्टिकच्या खुर्चीत, स्वेटर विणत. ती काही म्हणाली नाही. तिचं काय ते नंतर सांगते.

आधी त्या पट्टीबद्दल. जुहू एरोड्रोम 1928 सालचं, देशातलं पहिलं नागरी विमानतळ. हे वाक्य शाळेत जनरल नॉलेजला पाठ केलेलं असतं, पण तिथे तेव्हा होतं काय, तर भरतीओहोटीच्या खाजणालगतची चिखलाची जमीन, वाळली की कडक आणि पावसाळ्यात तळं. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाची पिशवी घेऊन निघाले, पुस मॉथ नावाचं एक इंजिनाचं विमान, रेडिओ नाही, खाली दिसेल ते बघत यायचं, वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरून दुपारी इथे उतरले. इथून पुढे ती डाक त्यांचे भागीदार नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. एअर इंडियाची सुरुवात ती हीच. टाटांच्या त्या कंपनीचं जुहूचं ऑफिस म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. आणि पुढचा पावसाळा आला तसं सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याला हलवावं लागलं, कारण जुहूला चाक टेकवायला कोरडी जागाच राहिली नाही. म्हणजे मुंबईत पाणी तुंबणं ही काही हल्लीची गोष्ट नाही, आपल्या विमान वाहतुकीचा पहिलाच पावसाळा तुंबलेला आहे.

जेआरडींनी हाच प्रवास पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये परत केला, वय 78, लेपर्ड मॉथ नावाच्या तसल्याच छोट्या विमानात, आणि उतरले परत जुहूलाच. मला या गोष्टीत उतरण्याचंच कौतुक वाटतं. 1932 ला खाली चिखल आणि ताडाची झाडं होती, 1982 ला चारी बाजूंनी वस्ती होती. विमान तसंच, पायलट तोच, बदललेला होता तो शेजार.

आता मोठी विमानं इथून गेली कधी, तर युद्धाच्या काळात सांताक्रूझला, म्हणजे आजचा मोठा विमानतळ आहे तिथे, लष्करी धावपट्टी झाली आणि 1948 पासून नागरी वाहतूक तिकडे सरकली. जुहूला राहिला फ्लाइंग क्लब, छोटी विमानं आणि पुढे हेलिकॉप्टरं. पण "सरकली" म्हणजे किती लांब? दोन-अडीच किलोमीटर. एसव्ही रोड ओलांडला, रेल्वे ओलांडली, हायवेच्या अलीकडे-पलीकडे, झालं. आणि गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर, ती अशी की दोन्ही धावपट्ट्यांची तोंडं जवळपास एकाच दिशेला. धावपट्टीला जो आकडा असतो तो होकायंत्राच्या अंशांवरून देतात, शेवटचं शून्य काढून. जुहूची 08, म्हणजे साधारण 80 अंश. सांताक्रूझची 09, म्हणजे साधारण 90. समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून उतरायला येणाऱ्या पायलटला समोर आधी जी पट्टी दिसते ती जुहूची. खरी तिच्या मागे आहे, थोडी बाजूला.

मग व्हायचं तेच झालं, एकदा नाही दोनदा. 15 जुलै 1953 ला बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं एकदम नवं जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. ऐन जुलैत. थांबलं कसंबसं, आणि परत उडायला नऊ दिवस लागले. दुसरं 24 सप्टेंबर 1972 चं, जपान एअरलाइन्सचं डीसी-8, लंडनहून टोकियोला निघालेलं, वाटेत मुंबई. आत 122 माणसं. जुहूची मुख्य पट्टी आज आहे 1,143 मीटर, सांताक्रूझची मोठी पट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि डीसी-8 सारखं चार इंजिनांचं जेट सव्वा किलोमीटरच्या आत थांबवायचं म्हणजे एसटी बस बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वळवण्यासारखं. नाही थांबलं. पट्टी संपली, विमान पुढे जाऊन मोडून पडलं, कायमचं भंगारात गेलं, पण मेलं कोणी नाही. पार्ल्यात पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाने ते विमान प्रत्यक्ष पाहिलेलं असतं, त्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेले नव्हते हा भाग वेगळा.

यात पायलटला मूर्ख ठरवणं फार सोपं आहे. पण सकाळी पूर्वेकडे गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा सूर्य डोळ्यात कसा येतो. त्यात डोळ्यांना जे बघायची अपेक्षा असते तेच ते बघतात, पट्टी दिसायला हवी होती, पट्टी दिसली, संपलं. लंडनलाही हेच झालंय. 1960 च्या ऑक्टोबरमध्ये पॅन अॅमचं बोईंग 707 हीथ्रो समजून शेजारच्या नॉर्थोल्टला उतरलं. तिथे त्यांनी उपाय काय केला, तर वाटेत गॅसच्या अवाढव्य टाक्या होत्या, त्यांच्यावर रंगाने मोठाली अक्षरं लिहिली, नॉर्थोल्टच्या वाटेवरच्या टाकीवर एनओ आणि हीथ्रोच्या वाटेवरच्या टाकीवर एलएच. म्हणजे आपण गेटवर पाटी लावतो ना, "कुरियरवाल्यांनी शेजारच्या गेटने जावे", तसं. मला हा उपाय फार आवडतो. चूक होणार हे गृहीत धरून केलेला आहे. आता इन्स्ट्रुमेंट लँडिंग आलं, विमानातला कॉम्प्युटरच सांगतो की तू भलत्या पट्टीवर चाललायस, त्यामुळे हा प्रकार फारच कमी झाला.

तर आपल्याला वाटतं धोका म्हणजे मोठं विमान. जुहूचा आजचा धोका तसा नाही, तो छोटा आणि रोजचा आहे.

वाऱ्यापासून सुरुवात करते. विमान असो की हेलिकॉप्टर, उडायचं आणि उतरायचं वाऱ्याला सामोरं जाऊन. मुंबईत दुपारचा वारा समुद्राकडून येतो, म्हणजे उड्डाण पश्चिमेकडे, जुहू तारा रोडवरून समुद्रावर, आणि उतरणं पूर्वेकडून, एसव्ही रोडवरच्या, आमच्यासारख्यांच्या डोक्यावरून. उडताना इंजिन गेलं तर शिकवतात की मागे वळू नका, समोर जे असेल तिथे नाक खाली करून उतरा, कारण कमी उंचीवर वळायला गेलं की वेग पडतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. पश्चिमेकडे समोर समुद्र आहे, निदान पाणी आहे. वारा उलटा असला, हिवाळ्यातल्या सकाळी असतो तसा, आणि पूर्वेकडे उडायचं झालं तर समोर काय आहे? आम्ही आहोत.

आर्किटेक्टच्या त्या आकड्याचं मूळ इथे आहे. विमानतळाभोवती हवेत न दिसणारे उतार आखलेले असतात. पट्टीच्या दोन्ही टोकांपासून लांबवर चढत जाणारी एक उतरण, पट्टीच्या बाजूंनी जास्त तीव्र चढणारे दोन उतार, आणि त्यांच्या वर 45 मीटरवर एक सपाट छत. एखाद्या पसरट परातीसारखा आकार, परातीच्या तळाशी धावपट्टी. आपली इमारत या परातीतून वर डोकं काढू शकत नाही. पार्ल्यात आणि सांताक्रूझला तर दोन पराती एकमेकींत अडकलेल्या, एक जुहूची, एक मोठ्या विमानतळाची, आणि जिथे जी खाली असेल ती लागू. 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाने मोठ्या विमानतळाजवळच्या 48 इमारतींचे परवानगीपेक्षा वर गेलेले भाग पाडायला सांगितले, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस नुसते रडके इमोजी. पण एक इमारत दोन मीटर वर गेली म्हणून काय आकाश कोसळतं, असं प्रत्येकाला आपापल्या इमारतीबद्दल वाटतं. पायलटला ती एक एक दिसत नाही, त्याला पाऊस असताना, एक इंजिन बंद असताना, उरलेली फट दिसते.

आणि हो, कचरा. विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायचा नाही, प्राणी कापायचे नाहीत, असा नियम 1937 च्या एअरक्राफ्ट रूल्समध्येच आहे. कारण घारी. घारींना वाचता येत नाही आणि आपल्याला वाचायचं नसतं, त्यामुळे तो नियम आहे तिथेच आहे.

28 जून 2018. त्या दिवशी पाऊस होता, दुपारी एकच्या सुमारास घाटकोपरला विमान पडल्याची बातमी आली आणि माझ्या डोक्यात आधी आलं सांताक्रूझ. मग कळलं की ते जुहूहून उडालेलं, बारा आसनांच्या आतलं किंग एअर, दुरुस्तीनंतरची चाचणी, परत जुहूलाच उतरायला येत होतं. घाटकोपरच्या सर्वोदय नगरमध्ये एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी पडलं. आतले चौघे गेले आणि एक रस्त्यावरून चाललेला माणूस गेला. मजूर जेवायला बसले होते म्हणून वाचले असं सगळ्या पेपरांत आलं होतं. मी त्या बातमीत विमानापेक्षा त्या पाचव्या माणसाशी जास्त वेळ अडकले. बाकीचे निदान विमानात बसले होते.

त्याच्या आधी 2016 च्या डिसेंबरमध्ये जॉयराइडचं छोटं हेलिकॉप्टर गोरेगावला आरे कॉलनीत पडलं, तेही जुहूवरून उडालेलं. आणि 13 जानेवारी 2018 ला तेल कंपनीच्या पाच अधिकाऱ्यांना घेऊन बॉम्बे हायकडे, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींकडे निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, दोन पायलट धरून सातही जण गेले. ते जुहूवरून निघालं होतं. आता मामीकडे येते.

मामा ऑफशोअरला, म्हणजे तिथेच समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला होता, सत्तावीस वर्षं. चौदा दिवस साइटवर, चौदा दिवस घरी. आपण बसस्टॉपवर जातो तसा तो जुहूला जायचा, पहाटे, हातात एक छोटी बॅग, कारण तिथे बॅगेचंही वजन होतं आणि माणसाचंही. काट्यावर उभं करतात, आकडा लिहून घेतात, हेलिकॉप्टरात कोणाला कुठे बसवायचं ते त्या हिशेबाने ठरतं. मामा घरी आला की मामी त्याला जेवायला वाढताना म्हणायची, परवा परत काट्यावर उभं राहायचंय, बेताने.

त्याचं एक ट्रेनिंग असायचं, दर काही वर्षांनी परत करायला लागायचं. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा एक सांगाडा, त्यात यांना पट्टे बांधून बसवायचं, तो सांगाडा तलावात सोडायचा आणि पाण्याखाली उलटा करायचा. कारण हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की उलटतं, इंजिन, पंखे सगळं जड सामान वर असतं. मामा आम्हाला पोरांना जेवणाच्या टेबलावर करून दाखवायचा. एक हात खिडकीच्या चौकटीवर, तो सोडायचा नाही, काही झालं तरी. दुसरा बकलवर. केबिन फिरते, नाकात पाणी जातं, वर कुठे खाली कुठे कळत नाही, तरी पट्टा लगेच काढायचा नाही. फिरणं थांबेपर्यंत थांबायचं. मग खिडकी ढकलायची, मग पट्टा, आणि ज्या हाताने चौकट धरलीय त्या हाताच्या दिशेने बाहेर. "घाईघाईने पट्टा काढला तर तरंगतोस आणि केबिनच्या छताला जाऊन चिकटतोस," तो म्हणायचा, "छत म्हणजे आता जमीन असते." आम्हाला ते भारी वाटायचं, आम्ही सोफा उलटा करून तो खेळ खेळायचो. मामी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही त्या वेळी.

2022 च्या जूनमध्ये बॉम्बे हायला सागर किरण रिगजवळ एक हेलिकॉप्टर असंच पाण्यात उतरावं लागलं, नऊ जण होते, चार गेले, पाच वाचले. मामा तेव्हा रिटायर होऊन घरी होता. टीव्हीवर बातमी चालू होती आणि त्याचा डावा हात खुर्चीच्या हातावर घट्ट होता, मी बघितलं. मी काही विचारलं नाही.

मामा गेला त्याला दोन वर्षं झाली, हृदयविकाराने, घरातच, पलंगावर. त्याच्या नोकरीतलं एकही हेलिकॉप्टर कधी धड हेलकावलंसुद्धा नाही म्हणे. ही पण आकडेवारीच म्हणायची, फक्त ती कुणी छापत नाही.

तर परत गच्चीवर. आर्किटेक्टने समजावलं की टाकी वर ठेवण्यापेक्षा खाली मोठी घेऊन प्रेशर पंप लावले तर वरचे तीनेक मीटर वाचतात, लिफ्टही मशीन रूम न लागणारी मिळते. लोक जरा खूश झाले. मग परत कुणीतरी ते काढलंच, की पाच-दहा वर्षांत हे जुहूचं विमानतळ उठणारच, तेव्हा थांबून बघावं का. थांबून बघायचं हे आमच्या सोसायटीचं तसं बोधवाक्य आहे, मागची अकरा वर्षं तेच चाललंय. गळकी स्लॅब थांबत नाही एवढंच.

मी म्हटलं, समजा उठलं. तर रिगवरच्या माणसांनी जायचं कुठून? पेशंट आणायचा असेल, पुरात कुणाला काढायचं असेल, तर हेलिकॉप्टर मोठ्या विमानतळावर विमानांच्या रांगेत उभं करायचं का, जिथे आधीच श्वास घ्यायला जागा नाही? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवसाचं कोणाला विसरायला झालंय असं नाही. आणि ती जागा रिकामी आहे असं आपण म्हणतो, ती रिकामी असण्याचंच काम करते. पट्टीच्या दोन्ही बाजूंचं गवत, टोकाशी सोडलेली मोकळी जमीन, ती तशी नसती तर 1972 ला त्या 122 माणसांचं काय झालं असतं. हे बोलताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, अगं, तुझ्या किचनमध्ये पण पाणी गळतं ना? गळतं. ते खरं आहे. मी खाली बसले.

तेवढ्यात आवाज आला. संध्याकाळचे सव्वापाच-साडेपाच असतील, ऊन पश्चिमेकडून गच्चीवर आडवं पडलेलं. आर्किटेक्ट बोलायचा थांबला, कारण बोलून ऐकू येणार नव्हतं. सगळ्यांनी वर बघितलं, मामीने नाही. तिने सुया थांबवल्या, मान जराशी तिरकी केली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "येणारं आहे." मग परत विणायला लागली.

मला अजूनही आवाजावरून जाणारं कोणतं आणि येणारं कोणतं ते कळत नाही.